सोन्याच्या कणांवर पेशी वाढवली की हजारपट उजेड? कुठला!

"कव्हरस्लिपवर (मायक्रोस्कोपच्या पातळ काचेवर) सोन्याचे नॅनोकण पसरा, वर जिवंत पेशी वाढवा. कुठलाही फ्लुरोसंट (प्रकाश टाकला की स्वतः चमकणारा) रंग हजारपट उजळतो, पेशीतला एकेक रेणू दिसतो, महागडा मायक्रोस्कोप लागत नाही. सोनं निष्क्रिय, पेशीला अपाय नाही." हा मेसेज नुसता फिरत होता तोवर ठीक होतं. आता तो भाचीच्या एम.एस्सी. प्रोजेक्टच्या प्रस्तावात जसाच्या तसा उतरलाय.

हजारपटीचा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं मान्य. स्टॅनफर्डच्या मोअर्नर यांच्या गटाने 2009 मध्ये 'नेचर फोटॉनिक्स'मध्ये 1340 पटीपर्यंत वाढ दाखवली. पण तो पेपर कुणी उघडलाय का? तिथे पसरलेले कण नव्हतेच. इलेक्ट्रॉन बीमने घडवलेल्या, टोकासमोर टोक असलेल्या सोन्याच्या त्रिकोणी जोड्या होत्या; अशा रचनेला अँटेना म्हणतात. रेणू पेशीत नव्हे, पॉलिमरच्या पातळ थरात बसवलेले होते. आणि खरी गोम अशी, की रंग मुद्दाम मंद घेतला होता: क्वांटम यील्ड 2.5 टक्के. शोषलेल्या 100 फोटॉनांतले अडीचच परत मिळायचे. यील्ड 100 टक्क्यांवर जात नाही, म्हणून तिथून फार तर 40 पट वाढ; उरलेली दोन टोकांमधल्या फटीतल्या तीव्र प्रकाशक्षेत्रामुळे. पेशींसाठी वापरतात त्या ॲलेक्सा 647 या रंगाचं यील्ड मुळातच 33 टक्के, म्हणजे या वाटेने कमाल तिप्पट. ॲटो 488 चं 80 टक्के, म्हणजे सव्वापट. 'कुठलाही रंग' म्हणे! जीएफपी (पेशीत वापरतात ते हिरवं चमकणारं प्रथिन) तर 488 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने उजळवतात, आणि तिथे सोनं स्वतःच प्रकाश गिळतं.

'पेशीतला एकेक रेणू' हेही नाही. तीव्र क्षेत्र धातूपासून साधारण 10-20 नॅनोमीटरमध्ये विरतं. चिकटलेल्या पेशीचं आवरणसुद्धा बऱ्याच ठिकाणी काचेपासून 50-100 नॅनोमीटर वर असतं. केंद्रकाचं तर नावच नको. उलट रेणू 5 नॅनोमीटरपेक्षा जवळ गेला की सोनं त्याची ऊर्जा ओढून घेतं आणि तो विझतो. म्हणून मध्ये सिलिकाचा पातळ थर लागतो.

आवरणापुरतं हे तंत्र चालतं, हे खरं. बार्सिलोना आणि मार्सेच्या गटांनी 2017 मध्ये सपाट पृष्ठभागाच्या अँटेनांवर जिवंत पेशींच्या आवरणातल्या रेणूंची हालचाल मोजली. पण ते एका ठिपक्यातल्या उजेडाचे चढउतार होते, पेशीचा फोटो नव्हे. कॉन्फोकल (लेसरने एकेक ठिपका पाहणारा महागडा मायक्रोस्कोप) आणि एकेक फोटॉन मोजणारा डिटेक्टर लागलाच.

सगळ्यात घातक वाक्य 'अपाय नाही' हे. सोन्याचे नॅनोरॉड, म्हणजे कांडीसारखे कण, बहुधा सीटॅबच्या द्रावणात येतात. सीटॅब म्हणजे डिटर्जंट. पेशीचं आवरण फोडतो. सेंट्रिफ्यूज करून तो काढावा लागतो आणि थायॉल-पेग (सोन्याला चिकटून कणांना वेगळं ठेवणारं पॉलिमर) चढवावं लागतं. पेग न लावता जास्त धुतलं तर रॉड एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. सिट्रेटचं आवरण असलेले गोल कण तसेच पीबीएसमध्ये (पेशींसाठीच्या खारट द्रावणात) टाकले की लाल द्रावण जांभळट-निळं होतं, म्हणजे कण एकमेकांना चिकटले. ते वापरू नका, फेका. शिवाय शोषलेला लेसर उष्णता होतो, पेशी तिथेच भाजू शकते.

प्रस्तावात निदान तीन कव्हरस्लिप लिहा: नुसता रंग, नुसतं सोनं, आणि सोन्यावर सिलिका देऊन रंग. तिन्हींवर लेसर तेवढाच ठेवा आणि फ्लुरोसन्स लाइफटाइम (प्रकाश शोषल्यावर रेणू किती वेळाने तो परत टाकतो ते) मोजा. लाइफटाइम घटला आणि फोटॉन वाढले, तर अँटेना काम करतोय. दोन्ही घटले तर रंग विझतोय. आणि नुसत्या सोन्याची स्लिपही तेवढीच उजळली, तर ती सोन्याची स्वतःची चमक आहे.