खुलासा: रबरी चप्पल आकाशातल्या विजेपासून वाचवत नाही

भातकापणीच्या तोंडावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: पायात रबरी चप्पल असली की वीज लागत नाही, आणि वीज लागलेल्याला हात लावू नये, अंगात करंट राहतो. दोन्ही चूक.

ढगात मऊ गारांचे कण आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आपटतात. जड कणांवर ऋण प्रभार येतो, ते खाली राहतात. हलके स्फटिक धन प्रभार घेऊन वर जातात. ताण वाढत गेला की वीज काही किलोमीटर हवा फोडून जमिनीवर येते. हवाही विद्युतरोधकच, मग दोन सेंटिमीटर रबर काय अडवणार? घरच्या 230 व्होल्टला ती चप्पल थोडीफार उपयोगी पडते, गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.

माडाखाली थांबलात तर प्रवाह बुंध्यावरून अंगावर उडी मारतो, नाहीतर जमिनीतून एका पायाने चढून दुसऱ्याने उतरतो. गडगडाट ऐकू आला की मळा सोडून पक्क्या घरात. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथंच.

आकाशातली वीज लागलेल्याच्या अंगात करंट उरत नाही. हात लावा. श्वास बंद असेल तर 108 ला फोन, आणि लगेच छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब, मदत येईपर्यंत.

तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला तिथे हा टाका.