‘ईएसपी 99.9 टक्के राख अडवते’ : मग उरते काय?

कोल्हापुरातील पेठांच्या आणि कॉलन्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : औष्णिक वीजकेंद्रातील ईएसपी (धुरातील राखेचे कण पकडणारी) यंत्रणा 99.9 टक्के राख अडवते, उंच चिमणी उरलेला धूर आभाळात सोडते, दिसते ती निव्वळ वाफ असते, आणि आपली वीज तर कोयनेची.

पहिला आकडा खरा धरला तरी तो फक्त राखेचा आहे. भारतीय कोळशात राख साधारण 30 ते 45 टक्के आणि गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. टनभर कोळशातून निघणाऱ्या सुमारे 350 किलो राखेपैकी चिमणीबाहेर पाव-अर्धा किलोच जाते, हे मान्य. पण त्याच टनातील 5 किलो गंधकापासून जवळपास 10 किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो, आणि विद्युतभाराने कण ओढून घेणाऱ्या ईएसपीला वायू अडवताच येत नाही. वाटेत हा वायू सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत बदलतो; हे कण फुप्फुसांत खोलवर जातात आणि दम्याप्रमाणेच हृदयविकार व पक्षाघाताचाही धोका वाढवतात. 2023 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासात कोळशाच्या केंद्रांतून येणाऱ्या कणांमुळे मृत्यूचा धोका सर्वसाधारण पीएम 2.5 (हवेतील अतिसूक्ष्म कण) पेक्षा दुपटीहून अधिक आढळला. वायू धुऊन काढणारी एफजीडी यंत्रणा वेगळी असते. या वायूवरची मर्यादा केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये घातली, मुदती वारंवार वाढवल्या आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना तिच्यातून सूटच दिली.

उंच चिमणीमुळे जवळच्या गावांवरचा भार काहीसा हलका होतो. वायूचे प्रमाण तेवढेच राहते, फक्त तो शेकडो किलोमीटरवर पसरतो. वाफेचे विधान कूलिंग टॉवरपुरते (पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांपुरते) बरोबर आहे, चिमणी निराळी.

कोयनेची क्षमता 1960 मेगावॅट असली तरी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा असल्याने ती मुख्यतः मागणी चढते तेव्हा चालवली जाते. आपल्या मीटरपर्यंत येते ती सामायिक ग्रीडमधली वीज, आणि तिचा मोठा वाटा चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होतो. कोल्हापूरची हवा रस्त्यांची धूळ, वाहने आणि उसाचा पाला जाळण्याने बिघडते, तिचे खापर चंद्रपूरवर फोडता येणार नाही, एवढे मात्र कबूल करायला हवे.

अडवलेली राख पुढे कुठे जाते, याबद्दल मजकूर गप्प आहे. बरीचशी सिमेंट आणि विटांसाठी जाते. उरलेली पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. जुलै 2022 मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील असाच बंधारा फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या शेतांत व ओढ्यांत पसरला.