ईआरव्हीने एसीचं बिल निम्मं होतं म्हणे!

"बंद फ्लॅटमध्ये रात्री ऑक्सिजन संपतो! ईआरव्ही बसवा. एसीचं बिल निम्मं, पावसाळ्यात ओल नाही, प्रदूषण दाराबाहेर. परदेशात घरोघरी असतं." हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आलाय. ईआरव्ही म्हणजे आतली शिळी हवा बाहेर टाकताना तिचा गारवा आणि कोरडेपणा आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र. यंत्र चांगलं आहे, पण मेसेज थापेबाज आहे.

ऑक्सिजन संपत नाही. दोघं जण दार लावून झोपले तर तो २०.९ टक्क्यांवरून फार तर पाव-अर्ध्या टक्क्याने उतरतो. महाबळेश्वरला हवाच विरळ, तिथे तो प्रत्येक श्वासाला १५ टक्के कमी मिळतो, तरी लोक हौसेने जातात. वाढतो तो कार्बन डायऑक्साइड: बाहेर सव्वाचारशे पीपीएम (दर दहा लाख भागांत इतके भाग), बंद खोलीत पहाटे दोन हजारांवर. सकाळी डोकं जड वाटतं ते बहुधा त्यामुळे.

आता बिल. इथेच खरी मेख आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच फिरवतो. म्हणजे आज तुम्ही ताज्या हवेवर शून्य खर्च करताय. मुंबईतली मे महिन्यातली रात्र धरा, बाहेर ३० अंशांच्या वर आणि दमट, आत २६. दोघांपुरती, तासाला ६० घनमीटर हवा आत घेतली तर तिला गार आणि कोरडं करायला एसीला साधारण २०० वॅट जास्त लागतील. ईआरव्ही त्यातले निम्म्याहून जास्त वाचवेल, पण त्याचे स्वतःचे पंखे ३०-४० वॅट खातील. रात्रभराचा हिशेब: खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा अर्धं-पाऊण युनिट कमी, आणि खिडकी बंद ठेवण्यापेक्षा एक युनिट जास्त. निम्मं कुठून होणार? आणि अख्ख्या घरात डक्ट, म्हणजे हवेच्या नळ्या, फिरवायचा खर्च लाखाच्या पुढे जातो.

ओलीचं तर बोलूच नये. जुलैत बाहेरच नव्वद टक्के आर्द्रता असते. ईआरव्ही ती कमी आत येऊ देतो, घरातली शोषून घेत नाही. गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याला वॉटरप्रूफिंगच लागतं.

परदेशाचं म्हणाल, तर जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ साली पहिलं पॅसिव्ह हाउस झालं, म्हणजे तापवायला फारच कमी ऊर्जा लागणारं घर. तिथे हिवाळ्यात बाहेर शून्याखाली, आत २०, म्हणजे यंत्राने वाचवायला ऊब भरपूर, आणि घर इतकं हवाबंद की यंत्राशिवाय श्वास कोंडावा. आमच्या स्लायडिंग खिडक्या वादळात शिट्ट्या वाजवतात.

प्रदूषणाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. घर हमरस्त्याला लागून असेल, घरात दम्याचा पेशंट असेल आणि खिडकी उघडणंच अशक्य असेल, तर ईआरव्ही घ्या. पण फिल्टर कोणता ते आधी विचारा. जाळीवजा जी-४ दर्जाचा फक्त जाडी धूळ अडवतो, पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोल शिरणाऱ्या बारीक कणांसाठी त्याहून बारीक एफ-७ किंवा हेपा हवा, आणि तो बदलायचा खर्च दरवर्षीचा.

बाकीच्यांनी आधी स्वयंपाकघराकडे बघावं. फोडणीचा धूर बाहेर न टाकता गाळून परत घरातच सोडणाऱ्या डक्टविना चिमण्या निम्म्या बिल्डिंगीत आहेत. त्यापेक्षा दोन हजारांचा एक्झॉस्ट फॅन बरा.