आणखी एक हात मारू नका!

काल सकाळी चहाची कपबशी टेबलावर ठेवली आणि बैठकीच्या भिंतीचा तळहाताएवढा पोपडा सुटून थेट बशीत पडला. अकरा दिवस! रंगारी हिशेब घेऊन, शिडी उचलून गेला त्याला अवघे अकरा दिवस झालेत. पोपड्याच्या मागे पांढरा, कापसासारखा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, फुललेला. बोट लावलं तर भुरभुर गळायला लागला. संध्याकाळपर्यंत खिडकीखाली आणखी तीन फुगे आले. दाबले की पापडासारखे फुटतात. गणपतीला नऊ दिवस राहिलेत आणि मखर ह्याच भिंतीला असतं.

रंगाऱ्याला फोन केला. तर गुजरातीत म्हणे, "बेन, आ तो चोमासानो भेज छे. दिवाळीमां पाछो एक हाथ मारी दईशुं." म्हणजे ही पावसाळ्याची ओल आहे, दिवाळीत परत रंगाचा एक हात मारून देऊ.

एक हात! हा कितवा हात ते मी सांगते. २०२२ साली डिस्टेंपरचे दोन हात. पुढच्या वर्षी तो खरवडून पुट्टीचे दोन, वर इमल्शनचे दोन. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी चढली, आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ओट्याच्या पायरीशी दोन दिवस पाणी उभं होतं, त्यानंतर दुसऱ्या रंगाऱ्याने ओल थोपवणारा म्हणून महागडा प्रायमर फासला. आणि आता हा, चौदा हजारांचा. चार वेळा घरभर धूळ, चार वेळा कपाटं सरकवून माझी कंबर गेली, आणि भिंत जिथे होती तिथेच आहे.

मी काम सुरू व्हायच्या आधी त्याला म्हटलं होतं, पॉलिथिनचा तुकडा घे, चारी बाजूंनी पट्टीने भिंतीला घट्ट चिकटव, एक दिवस ठेव. आतल्या बाजूला थेंब साचले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला साचले तर हवेतला दमटपणा आहे. एवढं साधं. त्याने हसून पॉलिथिनची घडी केली आणि शिडीच्या पायाखाली घातली. त्यावर आमचे हे म्हणाले, "त्याला करू दे ना, त्याचं रोजचं काम आहे. गणपतीच्या आत होऊन जाऊ दे." ऐन श्रावणात रंग! आणि ते मी ऐकलं, ह्याचा मला जास्त राग येतोय.

अहो, हे घर पणजेसासऱ्यांच्या वेळचं. विटा आणि चुना. जोत्यात ओल अडवणारा थर नाही, तेव्हा असा थर घालायची सरसकट पद्धतच नव्हती. विटा जमिनीतलं पाणी ओढतात, ते कमरेपर्यंत चढतं, आणि मातीतले क्षार सोबत घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे बनताना ते फुगतात आणि रंगाला आतून ढकलतात. बाहेरून तुम्ही कितीही भारी रंग लावा, ढकलणारा आत बसलाय! चुन्याचा गिलावा होता तोवर भिंत ते पाणी बाहेर सोडायची. दरवर्षी सफेदीचा हात दिला की वर्ष निघायचं. १९९१ साली घरात लग्न निघालं म्हणून तो सगळा गिलावा उतरवून सिमेंटचं प्लास्टर केलं. मजबूत होईल म्हणून. त्या दिवसापासून पाण्याची वाट बंद, आणि त्यावर आम्ही प्लास्टिकसारखे रंग चढवतोय. हे मला कोणी सांगितलं? एकाही रंगाऱ्याने नाही, दुकानदाराने नाही. तीन वर्षं मी स्वतः भिंत खरवडत, वाचत, विचारत शोधलंय.

माझं भांडण ह्याच गोष्टीशी आहे. कोणी थांबून बघतच नाही. सगळ्यांकडे उत्तर तयार, आणि करून बघायचं मी. माझ्या पैशांनी, माझ्या सुट्टीत.

कढीलिंबाचं तेच. नर्सरीतून पहिलं रोप आणलं, महिन्यात वाळलं. "पाणी कमी पडलं असेल." दुसरं आणलं, भरपूर पाणी घातलं, तेही गेलं. "पाणी जास्त झालं असेल." तिसरं माना टाकायला लागलं तेव्हा मी सरळ कुंडीतून उपसलं आणि मुळांचा गोळा बादलीत फोडला. आत दगडासारखी चिकणमाती, मधोमध कोरडी ठणठणीत! पाणी कडेने वाहून खालच्या भोकातून जात होतं, मुळांपर्यंत पोचतच नव्हतं. पिशवी फाडून गोळा तसाच कुंडीत बसवू नका, आधी सैल करा, हे एक वाक्य रोप विकताना सांगायला काय जातं? दोन झाडं मेली हो माझ्या हातून. आणि प्रत्येक वेळी ऐकलं काय, तर "तुमचा हात लाभत नाही."

लोणच्याचंही. खंडेराव मार्केटातून पाच किलो कैरी आणली, फोडी केल्या, व्हिडिओतल्या बाईने गोड आवाजात सांगितलं, "मीठ चवीनुसार." लोणच्यात मीठ चवीला असतं का? लोणचं टिकतं ते मिठावर! सासूबाई किलो फोडींना पावभर मीठ वजन करून घालायच्या. मी त्या बाईचं ऐकलं, जुलैत बरणीला बुरशी आली, सगळं फेकलं. बरणी धुताना रडले मी. त्याच बाईचा कांदा मंद आचेवर पाच मिनिटांत खरपूस होतो. माझ्या कढईत वीस मिनिटं लागतात आणि मला वाटत राहतं माझंच काहीतरी चुकतंय. माप लिहा! वेळ खरी लिहा!

तुरीची डाळ शिजेना तेव्हाही शिट्ट्या वाढव, तेल घाल, आधी भिजव. बोअरचं जड पाणी आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. पिण्याचं गाळलेलं पाणी घातलं, त्या दिवशी चार शिट्ट्यांत मेण झालं.

रंगाच्या कार्डाबद्दल तर मी बोलतच नाही. बोटभर चौकोनावरून आख्खी खोली ठरवायची, आणि भिंतीवर चढला की मोतिया दिसतो चिकूच्या गरासारखा. ह्या वेळी तोही तसाच दिसतोय, जेवढा उरलाय तेवढा.

आज दुपारी दीर आले. भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, वॉलपेपर लावून टाका ना, दिसणारच नाही." मी हातातली खरवडणी खाली ठेवली आणि त्यांना सांगितलं, ह्या भिंतीवर आता काहीही लागणार नाही. रंग नाही, कागद नाही, फळी नाही. गणपती ह्या वर्षी झोपाळ्याच्या भिंतीला बसतील, झोपाळा काढून ठेवायचा. लोणा मी कोरड्या ब्रशने झाडून काढतेय, ओल्या फडक्याने पुसला तर विरघळून परत आत जातो. दिवाळीनंतर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत ते सिमेंट उतरवायचं, उन्हाळाभर विटा उघड्या वाळू द्यायच्या, आणि मग चुना. चुन्याचं काम येणारा एक म्हातारा कडिया, म्हणजे गवंडी, वाडी भागात सापडलाय. काल येऊन गेला. रंगाबद्दल एक शब्द बोलला नाही. आधी भिंतीला तळहात लावला, मग वाकून जोतं बघितलं, आणि विचारलं, "बेन, बाहेरच्या बाजूला कुंड्या ठेवता का?"

ठेवते. सात आहेत, भिंतीला लागून. रात्रीच उचलून गच्चीवर नेल्या.