घर्षण गेले, ताठरपणा राहिला

लवचीक सांधा, म्हणजे बेअरिंगऐवजी पातळ पट्ट्या वाकवून फिरणारा सांधा, यावरील लेख वाचला. ‘लवचीक सांध्यात घर्षण नसते, म्हणून तो फिरवायला जोर लागत नाही’ हे त्यातील विधान अर्धेच खरे आहे. बेअरिंगमधील घर्षण आणि ढिलेपणा जातात हे मान्य. परंतु वाकलेली पट्टी स्प्रिंगसारखी मूळ जागी परतू पाहते, आणि कोन वाढेल तसा हा उलटा जोरही वाढतो. तो ठरतो मुख्यतः पट्टीच्या जाडीवर, तोही जाडीच्या घनाच्या प्रमाणात. आमच्या एका मापन उपकरणासाठी 0.30 मिमी जाडीच्या पट्ट्या वायर-कटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर) कापून मागवल्या होत्या; आल्या त्या 0.36 मिमीच्या. फरक केसाएवढाही नाही, तरी सांधा सुमारे पावणेदोनपट कडक झाला आणि छोट्या मोटरने तो हलेना. कापणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ‘मिलिमीटरचे सहा शतांश तर आहे, साहेब’!

दुसरे म्हणजे, दोन पट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या सांध्याचे चित्र लेखात आहे, पण फिरताना सांध्याचे फिरण्याचे केंद्र किंचित सरकते याचा उल्लेख नाही, आणि अचूक कामात गणित चुकते ते नेमके इथेच. छेदबिंदू मध्यावर न ठेवता पट्टीच्या एका टोकापासून लांबीच्या सुमारे 12.7 टक्क्यांवर ठेवला, तर लहान कोनांपुरते हे सरकणे जवळजवळ नाहीसे होते. शिवाय सांध्यावरील वजन बदलले तरी त्याचा ताठरपणा फारसा बदलत नाही. मध्यावरचा छेद आखायला सोपा म्हणून सर्रास वापरला जातो, त्यामुळे लेखात हा आकडा यायलाच हवा होता.