कातडीच्या तुकड्याने सिकलसेल जात नाही

विदर्भात सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या घरांमध्ये एक संदेश फिरतोय: मांडीवरची चिमूटभर कातडी घ्यायची, पेशींमधला जीन दुरुस्त करायचा, इंजेक्शनने परत सोडायच्या. केमो नको, मज्जेचा दाता नको, हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची गोळी बंद करा.

कातडीच्या पेशींवर जीन थेरपी होते, हे खरं आहे. 2015 साली जर्मनीत एका सात वर्षांच्या मुलाच्या अंगावर, त्याच्याच दुरुस्त पेशींपासून वाढवलेली त्वचा सुमारे 80 टक्के भागावर बसवली गेली. पण त्याचा आजारच त्वचेचा होता. सिकलच्या लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. कातडीची पेशी शिरेतून सोडली म्हणून ती रक्त बनवू लागत नाही.

त्यासाठी तिला आधी भ्रूणासारख्या मूळ अवस्थेत न्यावं लागतं आणि मग रक्ताची मूळपेशी घडवावी लागते. 2007 मध्ये अमेरिकेत हे सिकलसेलच्या उंदरांवर जमलं, तेही किरणोत्सर्गाने मज्जा रिकामी करून. माणसाच्या अशा पेशी मज्जेत टिकतात का, याच्या 2024 मधल्या चाचण्याही उंदरांतच झाल्या. शिवाय मूळ अवस्थेतल्या थोड्या पेशी जरी मिसळून राहिल्या, तरी त्यांची गाठ होऊ शकते.

‘केमो नको’ तर साफ चूक. 2023 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या सिकलसेलच्या जीन थेरपीत कातडी लागतच नाही. प्लेरिक्साफॉर हे औषध देऊन मज्जेतल्या मूळपेशी रक्तात आणतात आणि यंत्राने गोळा करतात (त्यासाठीचं नेहमीचं औषध, जी-सीएसएफ, सिकलच्या रुग्णात टाळतात, त्याने तीव्र झटका येऊ शकतो). पेशी संपादित झाल्यावर चार दिवस बुसल्फान हे केमोचं औषध देऊन मज्जा रिकामी करतात, मगच त्या परत सोडतात. वंध्यत्वाचा धोका इथेच असतो. तिथली किंमत 22 लाख डॉलर.

सगळ्यांत घातक भाग गोळी बंद करण्याचा. कॅसजेव्ही गर्भातलं हिमोग्लोबिन (लाल पेशी वाकडी होऊ न देणारं) वाढवते, हायड्रॉक्सीयुरियाही तेच करते, कमी प्रमाणात. गोळी थांबली की ते उतरतं, आणि वेदनेचे झटके परततात.

‘एएस’ वाहकाला (सिकलचा एकच जीन असलेल्याला) तर उपचारच लागत नाहीत.

‘एसएस’ रुग्णाचं (सिकलचे दोन्ही जीन असलेल्याचं) सख्खं भावंड असेल, तर मज्जा प्रत्यारोपणासाठी लागणाऱ्या एचएलए (ऊतींच्या) जुळणीबद्दल नागपूरच्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा एम्समध्ये विचारा. प्रत्येक भावंड जुळण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि वाहक भावंडही दाता होऊ शकतं.