बारा तास बसवून नेता, मग झोपवून न्यायला काय होतं?

सकाळपासून एक फॉरवर्ड फिरतोय. "रात्रीच्या स्लीपर गाड्या जगभर तोट्यात आहेत. विदर्भाला दिवसाची वंदे भारत दिली, अजून काय पाहिजे?" खाली टाळ्याच टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरापासून स्टेशन वीस मिनिटांवर असणार, पैज लावतो.

आधी हिशेब करू, मग भांडू.

दिवसाची बसायची गाडी परवडते कारण तोच रेक (म्हणजे डब्यांचा अख्खा संच) सकाळी जाऊन रात्रीपर्यंत परत येतो. नागपूर–बिलासपूर वंदे भारत घ्या. 412 किलोमीटर, साडेपाच तास, एका रेकवर एका दिवसात दोनदा भाडं. रात्रीची लांबची गाडी चोवीस तासांत एकदाच कमावते आणि दिवसा यार्डात उभी राहते. म्हणून रोज चालवायची तर दोन्ही टोकांना एकेक, असे दोन रेक लागतात. इथपर्यंत फॉरवर्डवाल्याचं बरोबर. मान्य.

पण अजनी (म्हणजे नागपूरच)–पुणे वंदे भारत, जिच्या नावाने टाळ्या वाजताहेत? 10 ऑगस्ट 2025 ला सुरू झाली, 881 किलोमीटर, 12 तास. सकाळी निघालेली गाडी रात्रीच पोचणार, त्याच दिवशी परत फिरणार कशी? म्हणजे रेक इथेही दोनच. दिवसाच्या गाडीचा जो एकमेव मोठा फायदा, तोच या अंतरावर संपला. राहिल्या सीटा. चेअर कारच्या डब्यात 78 सीटा, नव्या एलएचबी बनावटीच्या थ्री एसीत 72 बर्थ. फरक सहा माणसांचा! त्या सहा सीटांपायी बाकीच्या बहात्तर जणांचा अख्खा दिवस खुर्चीत घालवायचा.

आमच्या शेजारच्या काकू दारव्ह्याच्या. पोरगा पुण्यात, सून बाळंत. वंदे भारतचं नाव काढलं तर म्हणाल्या, "बारा घंटे बसून नाही जाऊ शकत बाप्पा, कंबर मोडते माही." शिवाय ती गाडी धामणगावला थांबत नाही. यवतमाळ जिल्ह्याला जवळचं मोठ्या लाइनीचं स्टेशन धामणगाव, आणि ही गाडी पकडायला काकूंनी आधी वर्ध्याला किंवा बडनेऱ्याला जायचं. तिथवरचं भाडं त्या फॉरवर्डच्या हिशेबात आहे का?

आता पैसे. नागपूर–मुंबई स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आसपास, थ्री एसी तेराशेच्या आसपास. स्लीपर डब्यात 80 बर्थ, म्हणजे भरला तर चाळीस हजार. थ्री एसीचे 72 बर्थ, म्हणजे नव्वद हजारांच्या वर. इंजिन तेच, रूळ तेच, ड्रायव्हर तोच. एसीला चादरी-ब्लँकेटची धुलाई आणि अटेंडंट वाढतो, पण तेवढ्याने हा फरक भरत नाही. म्हणून रेल्वे स्लीपरचे डबे काढून एसीचे लावते. राग येतो, पण गणित चुकीचं नाही. तिकिटावरच छापलेलं असायचं की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच वसूल होतात; बाकीचं मालगाडी भरते. आपल्याकडचा कोळसा भरतो म्हणा की!

म्हणूनच "आम्हाला वंदे भारत स्लीपर द्या" ही मागणी मला पटत नाही. 16 डबे, 823 बर्थ: अकरा थ्री एसी, चार टू एसी, एक फर्स्ट. साधा स्लीपर एकही नाही. त्यात काकूंचा डबाच नाही. परवडणारी गाडी म्हणजे 22 ते 24 एलएचबी डबे, त्यातले आठ-दहा थ्री एसी आणि थ्री इकॉनॉमी (थ्री एसीचाच स्वस्त प्रकार), सात-आठ स्लीपर, चार जनरल. एसीने कमवायचं, स्लीपरने गाडी भरायची. आणि हेड ऑन जनरेशन. डब्यांची वीज इंजिनातून घेतली की जनरेटरचं डिझेल जळत नाही.

युरोपचं उदाहरण देणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की तिथे गाडी चालवणारी कंपनी रुळाचं भाडं वेगळं भरते. जर्मन रेल्वेने 2016 च्या शेवटी झोपायच्या गाड्या सोडल्या, त्यातल्या काही ऑस्ट्रियाने उचलल्या. मग फ्रान्सने अनुदान काढलं आणि ऑस्ट्रियाच्या पॅरिसच्या गाड्याही 2025 च्या डिसेंबरात बंद. आपल्याकडे रूळ, इंजिन, डबे सगळं एकाच मालकाचं. तो तोटा इथे चिकटवू नका.

खरी अडचण वेगळी आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. नागपूर–मुंबई रात्रीची गाडीच घ्या. सकाळी सहा ते दहा मुंबईत फलाट मोकळा नसतो. गाडी तासभर लेट झाली की लोकलच्या गर्दीत तिची वाट गेली, मग कल्याणच्या अलीकडे उभी. पोचायला उशीर झाला की पिट लाइनवरची (डबे खालून तपासायच्या रुळावरची) देखभाल, जिला पाच-सहा तास लागतात, ती आखडते किंवा परतीची गाडी लेट सुटते. तीच गाडी दुसऱ्या दिवशी नागपूरला लेट. एक लेट आठवडाभर पुरतो. परतीला कसाऱ्याला बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन जोडावं लागतं, कारण इगतपुरीचा घाट 37 ला 1 चढाचा. ते वेळेवर मिळालं नाही की अजून अर्धा तास. आणि पाणी! रात्रभर टाकी कोणी वापरत नाही, पहाटे अख्खा डबा एकदम उठतो. भुसावळला टाकी नीट भरली नसेल तर नाशिकच्या आधीच संडास कोरडे. या गोष्टींनी माणूस पुढच्या वेळी ट्रॅव्हल्सची बस धरतो, भाड्यामुळे नाही.

बसचं काय सांगू. समृद्धी महामार्ग झाला, 701 किलोमीटर, 5 जून 2025 ला पूर्ण उघडला. बस वेगात जाते, खरं आहे. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेडराजाजवळ पुण्याला निघालेली बस पेटली, पंचवीस जण गेले. तरी लोक बसनेच जातात, कारण बस दारव्ह्यातून उचलते. काकूंना मुलगा म्हणतो बसने ये. काकू म्हणतात, "वरच्या बर्थवर चढू कशी?"

आणि मागणी दिसत का नाही, तेही ऐका. मधल्या स्टेशनाचा कोटा लहान. वेटिंग आलं की आरएलडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांची वेगळी वेटिंग लिस्ट, जी सहसा कन्फर्म होत नाही. म्हणून जाणकार लोक तिकीट नागपूरहून काढतात आणि बोर्डिंग धामणगाव टाकतात. कागदावर प्रवासी नागपूरचा! मग अधिकारी म्हणतात, धामणगावात मागणी कुठंय? काहून दिसेल बाप्पा? तुम्हीच लपवली.

शकुंतला, ती छोट्या लाइनीची जुनी गाडी, दारव्ह्यातून जायची. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा रेल्वेमार्ग फेब्रुवारी 2024 ला कळंबपर्यंत आला. दारव्हा, दिग्रस, पुसद अजून पुढेच आहेत. तोवर धामणगावच आपलं.

तर निवेदन लिहिणार असाल तर असं लिहा. पुण्याची रोजची गाडी, अमरावतीहून रात्री नऊच्या सुमाराला, म्हणजे गावाकडची शेवटची एसटी सापडते.  धामणगाव-पुलगावच्या लोकांसाठी बडनेऱ्याला जोडणारी मेमू (जवळच्या अंतराची विजेची गाडी) त्याच वेळेला. पुण्यात जागा नसेल तर हडपसर चालेल. रेक दिवसभर उभा ठेवू नका, पुण्याहून दुपारची जवळची एखादी फेरी मारून आणा. भुसावळला पाणी. मधल्या स्टेशनांना वेगळा कोटा. आणि डब्यांच्या यादीत "स्लीपर – 8" हे आकड्यात लिहा, नाहीतर सगळी एसी करून पाठवतील.